धुळाजीची कातरणी

धुळाजीबद्दल लिहायला बसलो खरा, पण आधीच कबूल करतो की हा माणूस मला फारसा कळला नव्हता. अकरा-बारा वर्षं तो दर बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात यायचा. तेवढ्या काळात तो माझ्याशी जे बोलला ते सगळं लिहून काढलं तर शाळेच्या वहीची चार पानं भरणार नाहीत. त्याचं नेमकं वय किती, त्यानं लग्न का केलं नाही, दिवसभर माळावर तो कसला विचार करायचा, यातलं मला काही माहीत नाही. तरी अजून धारूरात कुणी त्याला 'तो येडा धनगर' म्हणालं की मला बरं वाटत नाही. तो वेडा नव्हता. एवढं एक मला नीट माहीत आहे, आणि ते कळण्याआधी मी एक मोठी चूक केली होती.

आमचं किराणा दुकान धारूरच्या बाजारात, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. नाव गुरुलिंग असलं तरी गाव मला आप्पा म्हणतं. दुकानदाराला लागतं तसं बोलणं मला कधी जमलं नाही. गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालू लागलं की मी तागडीकडं बघत बसायचो. ओळखीच्या माणसालाही रस्त्यात हाक मारायची म्हटलं की मनात दोनदा म्हणून बघायचो, तोवर तो पुढं गेलेला असायचा. माझी बायको शांतादेवी म्हणायची, "तुम्ही आणि धुळाजी समोरासमोर असलात की जाणाऱ्याला वाटतं, दुकान बंद हाय."

धुळाजी यायचा तो दुपारी, बाजाराची गर्दी ओसरल्यावर. खांद्यावर घोंगडं, उन्हानं रापलेला उंच माणूस. पायरीच्या खालीच उभा राहायचा. चहाची पुडी, काडीपेटी, तंबाखू आणि मीठ. मीठ खड्याचं, कारण ते मेंढरांना चाटायला लागतं. त्या वर्षांत बाजार भराभर बदलत होता. माझ्या दुकानातही शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, समोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता आणि मीठ प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागलं होतं. खड्याचं मीठ फार कुणी मागेना. मी एक पोतं मागच्या खोलीत धुळाजीसाठी म्हणून ठेवायचो. त्याला ते कधी सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलंही नाही.

त्याच्याकडं साठ-सत्तर मेंढरं होती. किल्ल्यापलीकडच्या डोंगरावर तो एकटाच राहायचा. बाकीचे धनगर चार-पाच जण मिळून आपले कळप चारायचे, खतासाठी शेतकऱ्याच्या रानात मिळून बसवायचे. हा कुणाच्या वाड्यात, म्हणजे तळावर, मिसळायचा नाही. त्याची थोरली बहीण छबुबाई डोंगराच्या पायथ्याला राहायची. तिचा नवरा बिभीषण बोलका आणि थट्टेखोर. "आमचा मेव्हणा देवमाणूस हाय," तो म्हणायचा, "देवासारखाच, कवा दिसत न्हाई."

आता कातरणीचं सांगतो. मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. हे एकट्याचं काम नाही. आधी मेंढरं ओढ्यात धुवायची, वाळवायची, मग दहा-बारा जणांनी कातर घेऊन बसायचं. आज माझ्या मेंढरांना तुम्ही या, उद्या तुमच्या मेंढरांना मी येतो, अशी रीत. ज्याच्या घरची कातरणी त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं. त्या दिवशी थट्टामस्करी चालते, गाणी होतात, सोयरिकीही जुळतात. धुळाजी कुणाच्या कातरणीला जात नसे, म्हणून त्याच्याकडं कुणी येत नसे. तो एकटाच दिवसाला दोन-तीन मेंढरं कातरायचा. महिना लागायचा. तोवर अर्धा कळप कातरलेला आणि अर्धा लोकरीत. बिभीषण म्हणायचा, "अर्ध्या नवऱ्या, अर्ध्या म्हाताऱ्या. लग्नाला निघाल्यात का काशीला, कळत न्हाई."

हे सगळं मला छबुबाईनं सांगितलं. दुकानात येऊन ती तेल घ्यायची आणि भावाचं दुःख सांगून जायची. आईनं मरताना त्याला तिच्या हाती दिलं होतं. "आप्पा, ह्यो असा डोंगरात एकटाच मेला तर पाणी कोण पाजंल त्याला?" हे ती नेहमी म्हणायची.

मी त्यावर विचार करत राहिलो. मला वाटलं, धुळाजीला माणसं हवी आहेत, पण बोलवायची लाज वाटते. मला स्वतःला कुणापाशी काही मागता येत नाही. आमच्या घरी कार्य असलं की आमंत्रणं शांतादेवी देते. मग हाही तसाच असणार. कुणीतरी त्याच्या वतीनं चार माणसं बोलावली तर त्याचं ओझं उतरेल. आयुष्यात कधी नव्हे ते मी पुढाकार घेतला. पंचाण्णव सालच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. छबुबाईला सांगून मी दहा-बारा कातरणारे ठरवले, लापशीसाठी गहू आणि गूळ दुकानातून दिला. धुळाजीला आधी सांगायचं नाही, असंही मीच म्हणालो. त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सकाळी आम्ही वर गेलो तेव्हा तो एका मेंढीचे पाय बांधून कातरत बसला होता. इतकी माणसं येताना पाहून तो उभा राहिला. म्हाळू नावाचा एक कातरणारा पुढं होऊन मोठ्यानं म्हणाला, "काय रे धुळ्या, सोयरे आले तर बस म्हनशील का न्हाई?" सगळे हसले. कुणी मेंढरं धरायला धावलं, कुणी चुलीसाठी दगड मांडले. मेंढरं बुजून पांगली. धुळाजीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दुकानात पैसे मोजताना गोंधळलेला माणूस जसा बघतो, तसं काहीतरी होतं. त्यानं हातातल्या मेंढीची कातरणी पूर्ण केली, तिचे पाय सोडले, कातर दगडावर ठेवली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि घाटाच्या बाजूनं उतरून गेला.

आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेला. दुपारपर्यंत सगळी मेंढरं कातरून झाली. लापशी निवली. तो आला नाही.

नऊ दिवस तो कुणाला दिसला नाही. मेंढरं छबुबाईच्या अंगणात होती, त्यातली तीन-चार चारा खाईनात. मी दुकानात बसायचो, पण माझं कशात लक्ष नव्हतं. शांतादेवी त्या दिवसांत मला एक शब्द बोलली नाही, ताटात मात्र रोज काहीतरी जास्तीचं वाढायची. दहाव्या दिवशी सकाळी डोंगराच्या उतारावरून शीळ आली आणि सगळी मेंढरं कुंपण मोडून त्या बाजूला पळाली. तो परत आला होता. कुठं होता, काय खाल्लं, कुणालाच सांगितलं नाही.

पण बिभीषण आता थट्टेवर नव्हता. मेंढरं टाकून गेलेला धनगर त्यानं पाहिला नव्हता. डोकं फिरल्याशिवाय असं कुणी करत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं मेंढरांना गिऱ्हाईक पाहिलं आणि पुढच्या बाजारी व्यवहार करायचं ठरवलं. कळप विकायचा, धुळाजीला घरी आणून ठेवायचं, कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवेल. छबुबाई अर्धी राजी होती. पण म्हणाली, आधी आंब्याच्या डॉक्टरला दाखवू. अंबाजोगाईला आम्ही आंबाच म्हणतो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. डॉक्टर वेडा म्हणाले तर मेंढरं विकायची. "तुमी संगं चला आप्पा, तुमी शिकलेले." मी दहावी नापास, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. सगळं माझ्यामुळंच झालं होतं.

धुळाजी आंब्याला यायला तयार झाला, फक्त एसटीत बसायला नाही. आदल्या दिवशी पहाटे तो चालत निघाला. छबुबाई, बिभीषण आणि मी केजला गाडी बदलून पोचलो तर तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसलेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लातूरकडच्या असाव्यात. त्यांनी आधी बाकीच्यांना बोलू दिलं, मग धुळाजीला स्टूल दिलं. ते दाराजवळ सरकवून तो बसला.

"कुणी जवळ नसताना आवाज ऐकू येतात का?"

"येत्यात. मेंढरांचे."

बाई हसल्या, तोही थोडा हसला. मग झोप लागते का, जेवण जातं का, कुणी वाईटावर आहे असं वाटतं का, असं बरंच विचारलं. त्याची उत्तरं एका-दोन शब्दांची पण सरळ होती.

"एकटं राहून कंटाळा येत नाही?"

"कशाचा?"

"बहिणीची आठवण?"

"येती की. आली का वरून बघतो. हिचं अंगण दिसतं तिथनं. सांजचं शेण काढती, मग दिवा लावती. दिवा लागला का मी मागं फिरतो."

छबुबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "मग खाली कावून येत न्हाईस रे?"

"खाली आल्यावर बोलावं लागतं, अक्का."

मग बाईंनी विचारलं, मेंढरं विकली तर काय होईल. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"मग सकाळी उठून कुटं जावं, मला कळायचं न्हाई," तो म्हणाला.

त्याला बाहेर झाडाखाली पाठवून त्या आमच्याशी बोलल्या. त्यांचं सगळं मला समजलं असं नाही, आठवतं तसं लिहितो. त्या म्हणाल्या, वेड वेगळं आणि माणसाची घडण वेगळी. काही माणसांची घडणच लहानपणापासून एका बाजूला फार कललेली असते, इतकी की त्याचा त्यांना नाहीतर घरच्यांना जाच होतो. त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात आणि त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. कुणी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतो, सख्ख्या भावानं दिलेला चहासुद्धा आधी दुसऱ्याला प्यायला लावतो. कुणाला प्रत्येक वस्तू नेमक्या जागी लागते, त्यापायी काम पुरं होत नाही. कुणी जवळच्याला आज डोक्यावर घेतं आणि उद्या तोडून टाकतं, सोडून जाईल या भीतीनं स्वतःच्याच जिवाला इजा करून घेतं. कुणाला दुसऱ्याचं दुःख शिवतच नाही. कुणी दुसऱ्याला विचारल्याशिवाय सदराही घेऊ शकत नाही. त्या सांगत होत्या आणि मला एकेक चेहरा आठवत होता. माझे चुलते कुलूप लावून घरी यायचे आणि कुणी काढलं असेल म्हणून परत जायचे, रोज. आम्ही त्यांना चिडवायचो. ते गेल्यालाही वीस वर्षं झाली होती.

पण थोडा थोडा संशय आणि थोडी थोडी टापटीप सगळ्यांत असते, बाई म्हणाल्या, म्हणून ही नावं उठसूट कुणाला चिकटवायची नाहीत. धुळाजीवरही एका भेटीत त्या शिक्का मारणार नव्हत्या. वेडाची खूण मात्र त्यांना दिसली नव्हती.

मी धीर करून विचारलं, लाजाळू असेल का तो? माझ्यासारखा?

त्यांनी मला नीट पाहिलं. त्या म्हणाल्या, वरून दोन्ही सारखंच दिसतं. एकाला माणसं हवी असतात, पण ती हसतील, नको म्हणतील, या भीतीनं तो लांब राहतो. दुसऱ्याला मुळात माणसांची तेवढी गरजच नसते, लांब असला की तो बरा असतो. "पहिल्याला कुणी हात धरून आत आणलं तर त्याला बरं वाटेल. दुसऱ्याला तसं आणलं तर तो पळून जाईल. कातरणीला माणसं तुम्ही बोलावलीत ना आप्पा? तुम्हाला कुणी तसं बोलावलं असतं तर आवडलं असतं."

मी मान हलवली. तीन-चार वर्षं, हा आपल्यासारखाच एक आहे असं समजून मी त्या माणसाला मीठ मोजून देत होतो, आणि तो माझ्यासारखा नव्हताच.

"त्रास कुणाला होतो आहे?" बाईंनी छबुबाईला विचारलं.

"मला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली.

बाई तिला थांबवायला गेल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुमची काळजी खोटी नाही, तिची सोय करू. त्यांनी धुळाजीला परत आत बोलावलं. मेंढरं त्याचीच राहावीत असं त्यांचं मत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पण आठ दिवसांतून एकदा तो धडधाकट असल्याचं कुणीतरी बघायला पाहिजे, म्हणजे बहिणीला झोप लागेल. "असा एक माणूस ठरव, ज्याच्यापाशी फार बोलावं लागत नाही."

धुळाजीनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "आप्पा," तो म्हणाला.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

येताना बिभीषण बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. केजच्या स्टँडवर चहा घेताना त्याला सूर सापडला. "डॉक्टरीणबाईला म्हनायला पायजे होतं, ह्या आजाराची थोडी गोळी हिलाबी द्या. लई बोलती." छबुबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. त्या बाजारी गिऱ्हाईक आलं तेव्हा बिभीषणानंच त्याला हात जोडून परत पाठवलं.

पुढं आठ वर्षं तसंच चाललं. दर बाजारी धुळाजी यायचा, संध्याकाळी छबुबाई नाहीतर बिभीषण यायचा आणि मी 'आला होता' म्हणायचो. एवढंच काम, पण मी बाजारच्या दिवशी कधी परगावी गेलो नाही, पुतण्याच्या लग्नालाही हळदीलाच जाऊन आलो. कातरणी तो एकट्यानं करायचा. छबुबाई त्या महिन्यात चढाच्या खालच्या दगडावर लापशीचा डबा ठेवून मागं न बघता घरी यायची. दुसऱ्या दिवशी तिथं रिकामा डबा घासून ठेवलेला असायचा. एका वर्षी डब्यात तिला लोकरीचा मऊ पुंजका मिळाला, कोकराच्या पहिल्या कातरणीचा. तो तिनं मला दुकानात आणून दाखवला आणि परत पदरात बांधून नेला.

मला मात्र त्या सकाळची माफी मागायची राहिली. प्रत्येक बाजारी वाटायचं, आज म्हणू. मग मीठ मोजून व्हायचं आणि तो निघालेला असायचा. तो मनात ठेवून होता की विसरला होता, कळलं नाही. विचारलं असतं तर त्याला बोलावं लागलं असतं.

दोन हजार तीनच्या भादव्यात एका सकाळी छबुबाई अंगण झाडायला उठली तर सगळी मेंढरं अंगणात उभी, आणि धुळाजी ओट्यावर घोंगडं पांघरून पडलेला. अंगात ताप होता. डॉक्टर आणला, सुया दिल्या. बिभीषण म्हणाला आंब्याला नेऊ, पण धुळाजीनं मान हलवली. तो तीन दिवस होता. छबुबाई ते तीन दिवस त्याच्याशेजारी बसून होती आणि, तिनंच मला सांगितलं, जवळपास काही बोलली नाही. शेवटचं पाणी तिनंच पाजलं. तो तिच्यासाठी खाली आला, की आपल्यामागं मेंढरांना जागा हवी म्हणून आला, हे मला माहीत नाही. छबुबाईला तर मुळीच विचारलं नाही.

आजारी पडायच्या आधीच्या बाजारी तो आला होता. आभाळ भरून आलेलं होतं, म्हणून जरा लवकर आला. पायरीच्या खाली उभा राहिला. मी न विचारता चहाची पुडी, काडीपेटी, तंबाखू काढून ठेवली आणि मागच्या खोलीतून मीठ आणलं. पोतं तळाला गेलं होतं, खडे ओलसर लागत होते.

"वलं हाय का?" त्यानं विचारलं.

"हवाच तशी हाय. नवं पोतं सांगितलंय."

"पुढल्या बाजारी मिळंल?"

"मिळंल की."

"बरं," तो म्हणाला.